चर्चचं घर केलेल्या ठिकाणी कुणी राहिलंय का?

निवांत:
लग्नाला दहा वर्षं होतील, म्हणून ऑक्टोबरात दोघंच इंग्लंडला जातोय. एका खेड्यातलं जुनं चर्च भाड्याने मिळतंय, आत पलंग, स्वयंपाकघर, सगळं आहे. फोटो भन्नाट आहेत. बायकोचं म्हणणं, "बाहेर थडगी आणि आत आपण?" शिवाय थंडीचं काय?

शेवंता:
आम्ही हेरफर्डशायरमध्ये तीन रात्री राहिलो होतो, जूनच्या शेवटी. चर्च व्हिक्टोरियन काळातलं. मधे एक मजला घालून वर झोपायची खोली केली होती, आणि तो मजला रंगीत काचेच्या खिडकीला बरोबर मधोमध कापत गेला होता. त्यामुळे संतांचा चेहरा आमच्या उशाशी आणि पाय खाली गॅसच्या शेगडीजवळ! पहिल्या रात्री नवरा म्हणाला, "हे बघत असताना मला काही सुचायचं नाही." सुचलं नंतर, असो.

ती खिडकी पूर्वेची. तिकडे वेदी पूर्वेला ठेवायची पद्धत आहे. टोकदार कमानीला पडदा लावायची सोय नाही, आणि जूनमध्ये पाचच्या आधीच उजाडतं. पण चादरीवर तांबडे-निळे ठिपके पडले, ते हळूहळू नवऱ्याच्या पाठीवरून सरकत गेले. झोपमोड माफ.

थंडीचं म्हणाल तर लाकडाची शेगडी होती. गरम हवा सगळी वर छताला. पलंगावर घाम, खाली फरशीवर पाय ठेवला की कळ जायची, तीही जूनमध्ये. तुम्ही फरशीखाली हीटिंग आहे का, तेवढं विचाराच. आणि न्हाणीघराच्या भिंती छतापर्यंत आहेत का तेही. आमच्याकडे नव्हत्या, आणि चर्चमध्ये आवाज घुमतो! भांडलात तर दोनदा ऐकू येईल.

थडग्यांची भीती नाही वाटली. फक्त एका सकाळी मी गाऊनवर, हातात चहा, दार उघडलं तर एक आजोबा फुलं घेऊन उभे. इमारत विकली तरी लोकांची माणसं तिथेच असतात ना. त्यांनी टोपी काढून "गुड मॉर्निंग" म्हटलं, माझीच धांदल उडाली.

दगडफूल:
यात आणि चॅम्पिंगमध्ये (म्हणजे चर्चमधलं कॅम्पिंग) गल्लत करू नका. चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट ही संस्था १९६९ सालची, वापरात नसलेली साडेतीनशेहून जास्त चर्च सांभाळते. त्यांतल्या काहींत रात्री मुक्काम करता येतो. घर वगैरे केलेलं नसतं. कॅम्पकॉट, बॅटरीचे कंदील, बऱ्याच ठिकाणी कोरडा संडास, हीटिंग शून्य. वर वटवाघळं असली तर त्यांना हुसकायचं नाही, १९८१च्या कायद्याने संरक्षण आहे. आम्हाला आवडलं, पण लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला बायकोला नेण्याआधी विचार करा.

निवांत:
वटवाघळांचं तिला सांगितलेलं नाही. मालकांना विचारलं: फरशीखाली हीटिंग आहे, न्हाणीघराच्या भिंती मात्र अर्ध्याच.

शेवंता:
मग बुक करा. न्हाणीघरात असताना दुसऱ्याने बाहेर फेरी मारायची. आजोबा भेटले तर नमस्कार सांगा.