मुंबईच्या हॉटेलांत रिफिलचे पैसे, सर्व्हिस चार्ज आणि टिप: नेमकं काय धरून चालावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मिरजेहून चार दिवसांसाठी मुंबईत येतोय. मी, आई-बाबा, अमेरिकेहून आलेले बहीण-मेहुणे आणि त्यांची दोन मुलं, असे सात जण. मुक्काम दादरला. खाणं माटुंगा, गिरगाव, फोर्ट या बाजूला, आणि एक दिवस मोठ्या हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये बुफे.

शीतपेय, ताक, सोलकढी, कॉफी परत मागितली तर वेगळे पैसे लागतात का? मेहुण्यांना तिकडची सवय, एकदा ग्लास घेतला की हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली तर भांडायचं का? आणि बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर टिप द्यायची का, द्यायची तर किती? मेहुणे वीस टक्के म्हणतायत, बाबा दहा रुपये. वाढणाऱ्याचा अपमान व्हायला नको आणि नकळत जास्तीचं बिलही व्हायला नको. जाणकारांनी सांगावं.

गल्ल्यावरून

आधी रिफिलचं सांगतो. पेय कशातून येतं ते बघा, उत्तर तिथेच आहे.

अमेरिकेत शीतपेय मशीनमधून येतं. सिरपच्या एका भागात साधारण पाच भाग सोडावॉटर मिसळलं जातं, त्यामुळे दुसरा ग्लास मालकाला फार महाग पडत नाही. मुंबईतल्या बहुतेक हॉटेलांत शीतपेय सीलबंद बाटलीतून किंवा कॅनमधून येतं. दुसरा ग्लास म्हणजे दुसरी बाटली फुटली, तिचे पैसे लागणारच. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि ५ टक्के कर लावणाऱ्या हॉटेलाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. फुकट भरून देणं त्याला परवडत नाही. मेन्यूकार्डावर 'अनलिमिटेड' किंवा 'रिफिल' असं छापलेलं असेल तरच परत भरून मिळेल असं समजा. तिथेही अट बहुधा माणशी एक ग्लास अशी असते. दोन ग्लास घेऊन सात जणांत फिरवले तर हटकतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मुलांसाठी मागवताना 'बर्फ कमी' हे ऑर्डर देतानाच सांगा. एरवी अर्धा ग्लास बर्फच येतो.

मालवणी खानावळीत ताटाबरोबर सोलकढीची एक वाटी असते, ती ताटाच्या दरातच. दुसरी वाटी किंवा ग्लास बहुतेक ठिकाणी वेगळा लागतो. घोळ इथे होतो: वाढणारा जाता जाता 'सोलकढी देऊ?' विचारतो, आपण मान डोलावतो, तो यंत्रात ऑर्डर टाकतो आणि आत स्वयंपाकघरात चिठ्ठी निघते. तिला केओटी म्हणतात. केओटीवर चढलं ते बिलावर आलंच. म्हणून मान डोलावण्याआधी एवढंच विचारा, 'वेगळी लागेल का?' यात कुणाला राग येत नाही. कालवणाचा रस्सा बऱ्याच ठिकाणी एकदा परत वाढतात. तुकडी, भाकरी आणि जास्तीचा भात यांचे मात्र पैसे लागतात.

माटुंग्याच्या उडपी हॉटेलांत शब्द जपून वापरा. 'थोडं सांबार वाढा' म्हटलं की वाढपी भांडं घेऊन येतो आणि वाटी भरतो. 'एक सांबार द्या' म्हटलं की ती मेन्यूकार्डावरची वेगळी वस्तू समजून केओटी निघू शकते. चटणीचंही तसंच. फिल्टर कॉफी आणि इराण्याकडचा चहा मात्र प्रत्येक पेल्यागणिक, कपागणिक मोजतात. तिथे रिफिल हा प्रकारच नाही.

अनलिमिटेड थाळीला बसण्याआधी विचारा: ताक आणि गोड किती वेळा, आमरस दरात धरलाय का, मुलांना वेगळा दर आहे का. एका थाळीत दोघांनी जेवलं तर दोन थाळ्या लावतात. आई-बाबांचं जेवण बेताचं असेल तर त्यांना राइस प्लेट किंवा लिमिटेड थाळी घ्या. ती वेगळ्या दालनात मिळत असेल तर बसण्याआधीच सांगावं लागतं. बऱ्याच जुन्या हॉटेलांत एसी हॉलचं मेन्यूकार्डच निराळं असतं, तोच डोसा तिथे महाग. जीएसटीचा मात्र आता एसी, नॉन-एसी असा फरक नाही. तो १५ नोव्हेंबर २०१७ पासून गेला.

जमाखर्च

पाण्याबद्दल. टेबलावर बसलात की पहिला प्रश्न येतो, 'रेग्युलर की बिसलेरी?' इथे 'रेग्युलर' म्हणजे साधं पाणी, फुकट. काहीच बोलला नाहीत आणि बाटली उघडली तर ती तुमची. बाटली न विचारता ठेवली असेल तर सील तुटायच्या आत परत पाठवा.

टेबलावर वाढलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावलं तर भांडू नका. १२ डिसेंबर २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते हॉटेल-रेस्टॉरंटना मान्य केलं आहे, कारण तिथे बाटलीबरोबर बसण्याची जागा आणि सेवाही आपण घेतो. दुकानातून किंवा स्टॉलवरून विकत घेतलेली बाटली मात्र छापील किमतीलाच. दादर स्टेशनवर एक लिटर रेल नीर १४ रुपयांना मिळतं (२२ सप्टेंबर २०२५ पासून, आधी १५). सुट्टे नाहीत म्हणून कुणी पंधरा घेत असेल तर चौदा मागा.

आता सर्व्हिस चार्ज. तो कर नाही. सरकारकडे जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलाने तो आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, आणि तो दिला नाही म्हणून कुणाला प्रवेश नाकारायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून या सूचना कायम ठेवल्या.

सात जणांच्या साध्या जेवणाचा हिशेब बघा. पदार्थ १,८६० रुपये. दहा टक्के सर्व्हिस चार्ज १८६, बेरीज २,०४६. त्यावर ५ टक्के जीएसटी १०२.३० धरून एकूण २,१४८.३०. सर्व्हिस चार्ज नसेल तर १,८६० वर ९३ रुपये कर, एकूण १,९५३. फरक १९५.३० रुपयांचा, कारण त्या चार्जवरही कर बसतो. तळाची रक्कम बघून पाकीट काढायचं नाही. मधल्या ओळी वाचायच्या.

काढून कसा घ्यायचा? पैसे देण्याआधी वेटरला नको, कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या वरच्या माणसाला, बोलवा. वेटरच्या हातात ते नसतं. 'सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या' एवढं शांतपणे म्हणा. पेनाने ओळ खोडून देऊ लागला तर घेऊ नका, कारण मग त्या चार्जवरचा कर तसाच राहतो. नवीन छापलेलंच घ्या. अडून बसले तर पैसे भरा, बिलाचा फोटो ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आई-बाबा आणि मुलं ताटकळत असताना अर्धा तास वाद घालू नका.

जीएसटी लावलाय म्हणजे बिलावर १५ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. क्रमांक नसेल तर कर लावता येत नाही. छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. ती कर स्वतःच्या खिशातून भरतात आणि ग्राहकाकडून वेगळा घेऊ शकत नाहीत.

कॉफी शॉपमध्ये दर वेगळा. ज्या हॉटेलच्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला सहसा १८ टक्के. म्हणजे ३०० ची कॉफी ३५४ ला, आणि दहा टक्के सर्व्हिस चार्ज असेल तर ३८९.४० ला. बुफेच्या टेबलावर मांडलेली कॉफी, चहा, ज्यूस हे सगळं साधारणपणे दरात असतं, हवं तितकं घ्या. वेटरला सांगून कॅपुचिनो किंवा ताजा रस मागवलात तर तो वेगळा लागू शकतो. सकाळी गर्दीत हेच विचारायचं राहून जातं.

कृष्णाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सोलकढीचं आणि सांबाराचं तर कुणी सांगितल्याशिवाय कळलंच नसतं. एक शंका राहिली. सर्व्हिस चार्ज काढायला लावला तर त्या वाढणाऱ्या पोराच्या पोटावर पाय दिल्यासारखं नाही का होत? आईला तेच वाटतंय.

ट्रे आणि फडका

तुमच्या आईंचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सर्व्हिस चार्ज मालकाच्या खात्यात जमा होतो. पुढे तो कामगारांत वाटायचा का, किती, कधी, हे प्रत्येक हॉटेल आपापलं ठरवतं. काही ठिकाणी महिन्याच्या शेवटी वाटतात, काही ठिकाणी त्यातून फुटलेल्या काचेचे पैसे आधी वळते करतात. बिलावरून ते आपल्याला कळत नाही. तेव्हा चार्ज काढा आणि वरच्या हिशेबातले ते १९५ रुपये वाचले की त्यातले दीडशे हातात द्या. पोटावर पाय येत नाही, उलट पैसा थेट पोहोचतो. चार्ज ठेवणार असाल तर वेगळी टिप देणं बंधनकारक नाही. तरीही द्यावीशी वाटली तर वीस-तीस रुपये पुरे.

मेहुण्यांना सांगा, वीस टक्क्यांमागे तिकडचं वेतनाचं गणित आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला तासाला २.१३ डॉलर रोख मजुरी चालते, बाकीचं टिपेतून भरून निघेल असं धरलेलं असतं. म्हणून तिथे टिप टाळणं म्हणजे पगार कापणं. आपल्याकडे टिप मिळते म्हणून किमान वेतन कमी, अशी तरतूद नाही. टिप ही वरची रक्कम आहे. पण ती दिली की त्या माणसाच्या दिवसात फरक पडतो, एवढं नक्की.

मी धरतो तो अंदाज असा. उडपी हॉटेलात किंवा इराण्याकडे चहा-नाश्त्याला बिलातले सुट्टे, दहा-वीस रुपये. बाबांचे दहा रुपये तिथे अगदी योग्य. खानावळीत सात जणांना ताटं वाढली तर पन्नास ते शंभर. टेबलावर येऊन ऑर्डर घेणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये पाच ते दहा टक्के. बुफेला वाढपी नसतो, पण प्लेटा उचलणारा, पाणी देणारा असतो. त्याला शंभर-दीडशे चांगले. टेबलावर न बसता गाडीवरून किंवा काउंटरवरून घेतलं तर काही नाही.

द्यायची कशी, इथे लोक चुकतात. क्यूआर स्कॅन करून बिलापेक्षा शंभर जास्त पाठवले तर ते मालकाच्या खात्यात गेले. वेटरला ते कळतही नाही. बिल क्यूआरने भरा, टिप रोख द्या. बडीशेपेच्या ताटलीत किंवा बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवलीत तर बहुतेक ठिकाणी ती गल्ल्याजवळच्या डब्यात जाते आणि रात्री सगळ्यांत वाटली जाते. तेही ठीक, आतल्या भांडी घासणाऱ्यालाही काही मिळतं. पण टेबल पुसणारा, उष्टी ताटं उचलणारा आणि तुमच्या मुलांनी सांडलेलं पाणी पुसणारा मुलगा त्या वाटणीत नेहमी असतोच असं नाही. त्याच्यासाठी वीसची नोट वेगळी ठेवा आणि उठताना त्याच्या हातात द्या, 'चांगलं केलंत' म्हणून. टेबलावर टाकून जाऊ नका.

आणि सुट्टे घेऊन या. एटीएममधून बहुतेकदा पाचशेच्या नोटा निघतात. सकाळी सातला इडली-कॉफीच्या बिलाला पाचशे दिले तर गल्ल्यावर मोड नसते आणि मागे रांग खोळंबते. मिरजेतूनच दहाच्या वीस, वीसच्या वीस आणि पन्नासच्या दहा नोटा घ्या. अकराशे रुपये होतात, चार दिवसांना पुरतील.

गल्ल्यावरून

वर राहून गेलं: रविवारी सकाळी माटुंग्याला आठच्या आत पोहोचा. नंतर बाहेर नाव लिहून थांबावं लागतं. सात जणांना एकत्र टेबल मिळणं अवघड, चार आणि तीन असं बसायची तयारी ठेवा. आणि दोन टेबलांची दोन बिलं की एक, हे ऑर्डर देतानाच सांगा. नंतर केओट्या जोडताना एखादी कॉफी दोनदा चढते.