शब्द सुचवा : बघवत नाही, पण सोडवतही नाही असा सिनेमा

शुक्रतारा

नमस्कार मंडळी. एका शब्दापाशी अडले आहे. दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे. विषय असा, की काही सिनेमे वाईट असूनही, किंबहुना वाईट असल्यामुळेच, लोक पुन्हा पुन्हा आवडीने बघतात. त्यांत जुन्यांची गोडी जास्त की नव्यांची? पण मुळात या प्रकाराला मराठीत म्हणायचं काय? टुकार, भिकार, रद्दड, पाचकळ, गचाळ... शब्दांना तोटा नाही, पण सगळे निंदेचे. 'सुमार' तर अजिबात चालत नाही, कारण सुमार सिनेमा धड चांगलाही नसतो आणि धड वाईटही. तो दुसऱ्या दिवशी आठवतसुद्धा नाही. 'इतका वाईट की चांगला' असं लिहिलं की भाषांतराचा वास येतो. तयार शब्द असेल तर सांगा, नसेल तर घडवू.

पिटातला

ताई, 'अ आणि अ' आहे की! अचाट आणि अतर्क्य. मराठी आंतरजालावर हा शब्दप्रयोग कित्येक वर्षं चालतो आहे, आणि मला तो फार आवडतो. 'अचाट' म्हणजे मर्यादा ओलांडलेलं. 'अचाट खाणं, मसणात जाणं' म्हणताना त्यात धाक असतो आणि 'अचाट ताकद' म्हणताना कौतुक. 'अतर्क्य' हा तर देवाच्या लीलेला लावायचा शब्द. दोन्हींत निंदेचा अंशही नाही.

उदाहरण म्हणून 'जानी दुश्मन : एक अनोखी कहानी' (२००२) घ्या. दिग्दर्शक राजकुमार कोहली. याच माणसाने १९७६ साली 'नागिन' आणि १९७९ साली पहिला 'जानी दुश्मन' दिला होता, दोन्ही जोरात चालले होते. पाव शतकानंतर त्यांनी पुन्हा इच्छाधारी नाग काढला. मधल्या काळात इंग्रजी सिनेमात गोळ्या चुकवणारे नायक आणि वितळून परत उभा राहणारा धातूचा माणूस येऊन गेले होते. तेव्हा नागानेही ते सगळं करून दाखवलं पाहिजे! चाळिशी ओलांडलेले नट कॉलेजकुमार झालेत, अर्मान कोहली नाग झालाय, आणि सगळे जण जिवावर बेतल्यासारखे गंभीर आहेत. हा सिनेमा मी कोणाबरोबरही, केव्हाही बघायला बसेन.

औदुंबर

'अ आणि अ' झकास आहे आणि बोलण्यात तो राहावाच. पण पडद्यावर काय घडतं एवढंच तो सांगतो. बघणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्यात येत नाही. अचाट आणि अतर्क्य गोष्टी चांगल्या सिनेमातही असतात. महेश कोठारे यांच्या 'धडाकेबाज' (१९९०) मध्ये बाटलीतला गंगाराम आहे, कवट्या महाकाळ आहे. पण कोठारेंनी जिथे हसवायचं ठरवलं तिथेच लोक हसले, जिथे शिट्ट्या हव्या होत्या तिथेच शिट्ट्या पडल्या. त्याला या पंगतीत बसवणं अन्यायाचं होईल.

शुक्रतारा, तुम्हाला हवा तो शब्द काव्यशास्त्रात हजार वर्षांपासून आहे : रसाभास.

रसभंग आणि रसाभास यांत आपण हल्ली फरक करत नाही, पण तो आहे. रसभंग म्हणजे रंगत आलेलं विस्कटणं. 'ध्वन्यालोक' लिहिणारा आनंदवर्धन म्हणतो की अनौचित्याखेरीज रसभंगाला दुसरं कारणच नाही. रसाभासातही अनौचित्य आहे, पण तिथे रस मोडून पडत नाही, त्याची नुसती सावली उभी राहते. नेहमीचं उदाहरण रावणाचं. सीतेसाठी त्याची तळमळ, उसासे, आर्जवं, शृंगाराची सगळी सामग्री हजर आहे आणि त्याच्या बाजूने ती खरीही आहे. पण सीतेला तो नकोच आहे. म्हणून तो शृंगार नव्हे, शृंगाराभास. आणि यापुढे त्याचा टीकाकार अभिनवगुप्त जे सांगतो ते आपल्या कामाचं आहे : असे आभास शेवटी हास्याकडे जातात. शृंगारातून हास्य निघतो असं नाट्यशास्त्रकार भरताने आधीच म्हणून ठेवलं होतं. अभिनवगुप्ताने ते सगळ्याच रसांना लावलं.

क्षेमेंद्राने 'औचित्यविचारचर्चे'त हेच दागिन्यांवरून सांगितलं आहे. मेखला गळ्यात, हार कमरेला, नूपुर हातात आणि बाजूबंद पायात घातला तर कोणाचं हसं होणार नाही? इथे लक्षात घ्या, एकही दागिना खोटा नाही. घालणाऱ्याने मनापासून घातले आहेत. फक्त जागा चुकल्या आहेत.

आता 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' बघा. दिग्दर्शक एड वुड. ड्रॅक्युला म्हणून एके काळी गाजलेला बेला लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारला. वुडकडे त्याची काही मिनिटांची, दुसऱ्याच कामासाठी घेतलेली चित्रफीत होती. तिच्याभोवती त्याने अख्खा सिनेमा रचला. उरलेल्या प्रसंगांत लुगोसीच्या जागी कोण? वुडच्या बायकोचा पाठीच्या मणक्यांवर उपचार करणारा डॉक्टर. चण वेगळी, चेहरा वेगळा. म्हणून तो सबंध सिनेमाभर काळी शाल नाकापर्यंत धरून वावरतो. कोपर वर, डोळे तेवढे उघडे, चाल संथ. भयानक रसाचं सगळं साहित्य आहे : स्मशान आहे, धुकं आहे, मेलेला माणूस आहे. आणि आपण हसतो. पण हसता हसता हेही जाणवतं की एका माणसाने आपल्या मित्राला शेवटचा सिनेमा मिळवून द्यायची धडपड केली आहे. हसू आणि माया एकदमच येतात. नुसत्या 'टुकार' शब्दात ही माया मावत नाही.

शुक्रतारा

औदुंबरदादा, हे फारच उपयोगी आहे. मग लेखाचा प्रश्न असा मांडू का, की जुने ते रसाभासाचे आणि नवे ते नाहीत? 'गुंडा' बघताना जे होतं ते 'शार्कनेडो' बघताना मला होत नाही, एवढं नक्की.

पिटातला

'गुंडा'चं नाव निघालं म्हणून राहवत नाही. १९९८, कांती शाह. त्यातले खलनायक आपली ओळख यमकात करून देतात. प्रत्येकाचं यमक ठरलेलं, आणि कुठेही भेटला तरी तो तेच म्हणून दाखवतो, स्मशानात असो की विमानतळावर. त्यात पोते नावाच्या खलनायकाच्या भूमिकेत आपले मोहन जोशी आहेत. मराठी रंगभूमीवर मुरलेला नट. ते यमक टाकताना ना डोळा मिचकावतात, ना आवाज सैल सोडतात. नाटकाच्या तिसऱ्या अंकातलं वाक्य टाकावं तसं टाकतात. मुकेश ऋषींचा बुल्लाही तसाच. एक जण जरी 'आम्हालाही कळतंय हो' असं तोंड करून उभा राहिला असता तर सिनेमा तिथेच संपला असता.

जुन्या-नव्याच्या फरकाला एक धंद्याचं कारणही आहे, ते लेखात येऊ द्या. पूर्वी सिनेमा फिल्मवर निघायचा. ३५ मिलिमीटरचा हजार फुटांचा डबा सुमारे ११ मिनिटांत संपतो, आणि कच्ची फिल्म महाग. त्यामुळे छोट्या निर्मात्याकडे नट अडखळला, मागची भिंत हलली, दिवसाची रात्र झाली तरी पुढे चला. परत घ्यायला पैसा कुठे होता? अमेरिकेत टेक्सासमधल्या एल पासोला एका खतविक्रेत्याने १९६६ साली 'मॅनोस : द हँड्स ऑफ फेट' काढला. त्याचा कॅमेरा चावीचा, एका वेळी ३२ सेकंदच चालायचा. जागेवर आवाज मुद्रित केला नव्हता, मागाहून दोन-चार जणांनी मिळून सगळ्यांचे आवाज दिले. आपल्याकडे नव्वदीत मिथुनने उटीत मुक्काम ठोकला आणि निर्माते तिकडे जाऊन भराभर सिनेमे उरकू लागले. मोठ्या शहरांत नाही चालले तरी तालुक्याच्या थेटरांवर पैसे वसूल व्हायचे. थोडक्यात, त्या चुका गरजेपोटी झालेल्या होत्या.

आता डिजिटल कॅमेऱ्यात दहादा घ्या, वीसदा घ्या. चूक पडद्यावर राहिली तर ती कोणीतरी राहू दिलेली असते. प्रेक्षकाला ते बरोबर कळतं.

औदुंबर

पिटातला, हे पटलं. आणि इथेच आपल्याकडे एक नेमकी जोडी आहे : भाबडा आणि बनेल.

'शार्कनेडो' (२०१३) हा बनेल. वावटळीतून शार्क मासे शहरावर कोसळतात ही कल्पनाच 'बघा, कसं वाईट करतो' म्हणून निवडलेली. २०१८ पर्यंत त्याचे सहा भाग आले. बनवणाऱ्याला पहिल्यापासून हास्यच हवं होतं, मग आभास कशाचा? ते प्रहसन झालं किंवा विडंबन, आणि प्रहसन म्हणूनच ते तपासायला हवं. त्या तपासणीत ते मला पातळ वाटतं. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅगने १९६४ च्या आपल्या 'कॅम्प'वरच्या, म्हणजे असल्या भडक गोष्टींच्या गोडीवरच्या, निबंधात असाच भेद केला होता : नकळत झालेलं आणि जाणूनबुजून केलेलं, आणि तिच्या लेखी नकळत झालेलंच अस्सल. साजिद खानचा २०१३ चा 'हिम्मतवाला' आठवा. ऐंशीच्या दशकातला भडकपणा मुद्दाम उसना आणला होता, आणि त्या दशकातल्या अगदी साध्या सिनेमाची गोडीही त्याला आली नाही.

पण शुक्रतारा, 'जुने' आणि 'भाबडे' हे समानार्थी धरू नका. वर आलेला 'जानी दुश्मन' २००२ चा आहे. टॉमी विसोचा 'द रूम' २००३ चा. काळ नवा म्हणून माणसाचं भाबडेपण जात नाही. ते दुर्मीळ होतं, इतकंच.

दूरदेशी

'द रूम' अमेरिकेत मध्यरात्रीच्या खेळाला बघितला आहे, म्हणून लिहिते. सिनेमातल्या दिवाणखान्यात चमच्याचं चित्र असलेली एक चौकट आहे. ती का आहे ते सिनेमा बघून कळत नाही. ती दिसली की सगळं थेटर ओरडतं आणि प्लॅस्टिकचे चमचे पडद्याकडे भिरकावले जातात. विसोने या सिनेमावर जवळपास साठ लाख डॉलर खर्च केल्याचं सांगितलं जातं, आणि एकाच वेळी फिल्म व डिजिटल अशा दोन्ही कॅमेऱ्यांवर तो चित्रित केला. तेव्हा खिसा रिकामा असला तरच भाबडेपण येतं असंही नाही.

माझी शंका वेगळी आहे. लोक हसायला लागल्यावर विसो म्हणू लागला की हा मुळातच काळ्या विनोदाचा सिनेमा होता. मग तो आता बनेल झाला का?

औदुंबर

नाही. मागाहून काय म्हटलं त्याने पडद्यावरचा क्षण बदलत नाही. गच्चीवरच्या प्रसंगात तो कळवळून बोलतो ते त्या दिवशी खरंच कळवळून बोलला होता. रसाभास कलाकृतीत असतो, मुलाखतीत नसतो.

शुक्रतारा

मग मोठ्या बजेटचे नवे पडेल सिनेमे कुठे बसवायचे? 'रेस ३' (२०१८), किंवा 'आदिपुरुष' (२०२३)? ओम राऊत हे 'लोकमान्य' आणि 'तान्हाजी'चे दिग्दर्शक. त्यांचा हेतू हसवण्याचा खासच नव्हता. गांभीर्याने केलेलं आणि फसलेलं, म्हणजे व्याख्येत बसतं. पण मला त्यात गोडी वाटली नाही.

औदुंबर

बसतं, पण अर्धंच. 'आदिपुरुष'च्या संवादांवर लोक इतके संतापले की प्रदर्शनानंतर काही दिवसांतच ते बदलावे लागले. जिथे श्रद्धा दुखावते तिथे हसू मोकळं होत नाही. दुसरं म्हणजे एड वुडच्या सिनेमात एका माणसाचा हट्ट दिसतो, त्याचं सगळं पणाला लागलेलं दिसतं. शेकडो कोटींच्या सिनेमात चूक कोणाची तेच सापडत नाही. माया करायची ती कोणावर?

पिटातला

'रेस ३'च्या बाबतीत मी थोडा वेगळा बोलेन. त्यातली दोन-तीन वाक्यं आमच्या घरातली पोरं येता-जाता म्हणतात, आणि मनापासून हसतात. पण अख्खा सिनेमा त्यांनी बघितलेला नाही, बघणारही नाहीत. दहा सेकंदांचा तुकडा मोबाइलवर आला, तेवढाच त्यांचा सिनेमा. 'गुंडा' आम्ही पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत बघतो, कंटाळवाण्या गाण्यांसकट. नव्यांची गंमत तुकड्यात आहे, जुन्यांची सबंध बैठकीत. कमी-जास्त मी म्हणत नाही, पण माझा जीव बैठकीत रमतो.

शुक्रतारा

हा मुद्दा घेतेच. शीर्षकात 'रसाभास' आणि लेखात जागोजागी 'भाबडा टुकार' असं वापरायचं ठरवलं आहे. 'बनेल टुकार' त्याच्या शेजारी आपोआप उभा राहतो. आता विशेषण हवं. 'रसाभासात्मक सिनेमा' फार जड होतो. 'आभासी सिनेमा' म्हणू का?

औदुंबर

'आभासी' नको. तो शब्द आता संगणकाच्या दुनियेकडे गेला. वाचणाऱ्याला डोळ्यांवर चष्मा चढवून बघायचा सिनेमा वाटेल. 'रसाभासी' व्याकरणाने चालेल, पण कानाला नवखा आहे. मी सरळ षष्ठी वापरेन : 'हा रसाभासाचा सिनेमा'. आणि क्रियापद हवं असेल तर 'रसाभास होणे'. 'करणे' नको. जो करायला जातो त्याच्याकडून तो होत नाही.