मदत हवी आहे: एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) अर्जात कोणतं दल आधी टाकावं?

बारावी सायन्सचा एक विद्यार्थी अर्ज भरतोय. लष्कराला कुठलीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं, ते आहे. ओढा फ्लाइंगचा, आणि अडचण तिथेच. एसएसबीतली (लेखीनंतरची मुलाखत-निवड) सीपीएसएस ही वैमानिक चाचणी एकदाच देता येते. नापास झाला की पुन्हा संधी नाही. रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे वाचता आले नाहीत तर मेडिकललाच गाडी अडते. लेखी ९०० गुणांची, एसएसबी ९०० गुणांची. एवढी मेहनत करून पसंतीक्रम मात्र घाईत भरला जातो, याची खरी काळजी वाटते.

फ्लाइंग पहिलं टाकलं आणि सीपीएसएसमध्ये नापास झाला, तर नौदल-लष्कराच्या संधीवर परिणाम होतो का? आणि अर्जाआधी डोळ्यांच्या नेमक्या कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?