क्लबहाऊसची मागची खोली : लोखंड की मॅट?

बी-१०२, सेक्रेटरी : नमस्कार मंडळी. क्लबहाऊसमधली मागची खोली रंग देऊन तयार आहे. तिथे व्यायामाचं साहित्य ठेवायचं हे सभेत ठरलंच होतं, पण काय ठेवायचं यावर दोन गट पडलेत. एका गटाला वजनं लावायचा बार, प्लेट्स, बेंच आणि बार टेकवायचा रॅक हवाय. दुसऱ्याला ट्रेडमिल, सायकल, मॅट. रविवारी कमिटी बसतेय, त्याआधी इथे मोकळेपणाने लिहा. आज फॉरवर्ड नकोत, चर्चा वर निघून जाते.

सी-२०३ : माझं मत आधीच सांगितलंय. सोसायटीत साठीच्या पुढची माणसं जास्त आहेत. बॉडीबिल्डिंग हा पोरांचा नाद. आम्हाला चालायचंय, सांधे हलते ठेवायचेत. माझा गुडघा बदललाय, बीपीची गोळी चालू आहे. मी बार उचलून काय करू?

डी-३०१ : काका, आदर ठेवून सांगतो. मी दोन वर्षं जिम करतोय. नुसतं चालून शरीर बदलत नाही, ते वजनांनीच बदलतं. ट्रेडमिलने अर्धी खोली अडेल.

बी-४०१ : मला दोन्हीतलं काही कळत नाही, फक्त भीती वाटते. मुलगा सोळाचा आहे. प्रोटीन पावडरच्या डब्यावरचा फोटो दाखवून म्हणतो, असं शरीर हवंय. रात्री आरशासमोर उभा असतो. खाली वजनं आली की हा तिथेच राहील.

ए-३०४ : ताई, तुमचा मेसेज वाचून लिहायला बसलो. हे मी ग्रुपवर कधी सांगितलेलं नाही. मी तीन वर्षं बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेत उतरलोय. डब्यावरचं ते शरीर मी आतून अनुभवलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

स्पर्धेआधीचे शेवटचे तीन-चार महिने खाणं दर आठवड्याला कमी होत जातं आणि व्यायाम वाढत जातो. शेवटच्या दोन-तीन दिवसांत पाणी आणि मीठ यांचाही हिशोब बदलतात, म्हणजे कातडी स्नायूंना चिकटलेली दिसते. ज्या दिवशी स्टेजवर मी सगळ्यांत तंदुरुस्त दिसत होतो, त्या दिवशी दोन मजले चढताना कठडा धरला होता. भर दुपारी थंडी वाजायची. झोप तुकड्यांत. घरच्यांवर विनाकारण ओरडायचो. आणि ज्या वजनांची मला सवय होती तीसुद्धा उचलवत नव्हती.

हे माझ्या एकट्याचं नाही. २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुठलंही औषध न घेणाऱ्या एका स्पर्धकावर वर्षभर लक्ष ठेवलं होतं, सहा महिने तयारीचे आणि सहा महिने नंतरचे. त्याची चरबी सुमारे १५ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. विश्रांतीतली नाडी मिनिटाला ५३ वरून २७ वर. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, जेमतेम पाव उरलं. ताकदही घटली, आणि सहा महिन्यांनी ती पुरती भरून आलेली नव्हती.

त्या अवस्थेत मी फार तर चार-पाच दिवस होतो. फोटो मात्र वर्षभर भिंतीवर राहिला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच माझं रोजचं शरीर वाटलं. तुमच्या मुलाला एवढं एक नक्की सांगा, की फोटोतला माणूसही आज तसा दिसत नसेल.

डी-३०१ : दादा, म्हणजे वजनं वाईट? तुम्ही तर अजून करता.

ए-३०४ : नाही रे, हीच गल्लत होते. स्टेजवरची स्पर्धा हा एक खेळ आहे आणि त्याची किंमत शरीर मोजतं. वजनं हे फक्त साधन आहे. स्पर्धा सोडून मला सात वर्षं झाली, पण वजनं एक आठवडा सोडलेली नाहीत आणि सोडणारही नाही. सी-२०३ काकांनी ती उचलावीत असं मला मनापासून वाटतं. पण तब्येतीचं मी बोलण्यापेक्षा सी-५०२ डॉक्टर मॅडमनी सांगितलं तर बरं.

सी-५०२ : ओपीडी आत्ता संपली. काका, तुमच्यासाठीच लिहितेय.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात. हे नाव १९८९ मध्ये पडलं, मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांस कमी होणं. वजनकाट्यावर ते कळत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा चरबी घेते आणि आकडा तोच राहतो. कळतं ते खुर्चीतून उठताना, बाटलीचं झाकण फिरवताना, तोल जाताना. पडल्यावर खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी नेहमी बघते. कित्येकांच्या बाबतीत आधी पाय कमजोर झालेले असतात, पडणं नंतर येतं.

आणि स्नायू म्हणजे फक्त ताकद नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. साखरेचा त्रास असलेल्या माझ्या पेशंटना मी चालायला तर सांगतेच, पण मांड्यांचा व्यायामही लिहून देते. शरीरातल्या सगळ्यांत मोठ्या स्नायूंपैकी काही तिथे आहेत.

वयाचा प्रश्न येतो म्हणून एक उदाहरण. १९९० मध्ये एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे मांड्यांचा वजनाचा व्यायाम दिला. सरासरी वय ९०. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली, आणि दोघांची चालताना लागणारी काठी सुटली. वजनं अगदी नावापुरती नव्हती, प्रत्येकाला जेवढं जास्तीत जास्त उचलता येई त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेली होती. हे मी दरवर्षी स्वतःला पुन्हा वाचून दाखवते.

सी-२०३ : डॉक्टर, पण बीपी? आणि हा बदललेला गुडघा?

सी-५०२ : गुडघ्याचं आधी. वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत वैद्यकीय उपचारांत रुजली तीच मुळी जखमी सैनिकांच्या गुडघ्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाच्या डॉक्टरांनी ती वापरली आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. तुमच्या सर्जनना विचारून, वाकवण्याची मर्यादा ठरवून सुरुवात करता येईल.

बीपीबद्दल मात्र मी कडक आहे. १९८५ च्या एका अभ्यासात धडधाकट बॉडीबिल्डर दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करत, म्हणजे मशीनवरचं वजन पायांनी ढकलत असताना धमनीत सुई घालून दाब मोजला. सरासरी ३२०/२५० आला! तो काही सेकंदांचाच असतो, पण तुमच्यासाठी तेवढाही नको. म्हणून श्वास कोंडायचा नाही. उचलताना सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. अजून दोन-तीन वेळा करता आलं असतं असं वाटतानाच थांबायचं. बीपी ताब्यात नसेल तर आधी ते ताब्यात आणायचं, खोली कुठे जात नाही.

डी-३०१ : म्हणजे ट्रेडमिल रद्द ना? 😊

ए-३०४ : तुझ्यासाठी तर कार्डिओ, म्हणजे दम वाढवणारा व्यायाम, सगळ्यांत आधी. माझीच गोष्ट सांगतो. स्पर्धेच्या काळात दीडशे किलो खांद्यावर घेऊन बैठक मारायचो. मुलीच्या शाळेत पालकांची शंभर मीटरची शर्यत होती. साठ मीटरवर छाती फुटायची वेळ आली, उरलेलं चालत गेलो. तिने काही विचारलं नाही, पण मला ते फार लागलं. शरीर दिसायला तयार होतं, दमाला नाही.

बॉडीबिल्डिंगवाल्यांना वाटतं, पळालं की स्नायू जातो. आठवड्यातून तीन-चार वेळा अर्धा तास भराभर चालल्याने काहीही जात नाही. सेटमधला दम लवकर परत येतो, झोप सुधारते.

सी-५०२ : बरोबर. हृदयाच्या बाबतीत हालचालीचं महत्त्व कळलं ते लंडनच्या बसमुळे. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरची तुलना प्रसिद्ध केली. बस एकच, पण एक दिवसभर बसून आणि दुसरा जिना वर-खाली करत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला. त्यातले कुणी जिमला जात होते म्हणून नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये दोन्ही गोष्टी एकत्रच आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे प्रकारही. लोक पहिला भाग पाठ करतात आणि "त्याशिवाय" सोडून देतात.

बी-४०१ : डॉक्टर, मुलाचं काय? वजनं उचलली की उंची खुंटते म्हणतात.

सी-५०२ : ताई, नीट शिकवणारा माणूस समोर असेल आणि वजन बेताचं असेल तर उंची खुंटत नाही. सोळा हे शिकायला उत्तम वय आहे. पावडर हे दुधातून काढलेलं प्रथिन असतं, विष नाही, पण त्यावाचून अडतही नाही. सर्वसाधारण गरज वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांना जास्त लागतं, पण २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूवाढीत फारसा फरक दिसला नाही. साठ किलोच्या मुलाला दिवसाला ९५ ग्रॅमच्या आसपास. तेवढं ताटातून जमतं.

आरशाकडे मात्र लक्ष ठेवा. एक दिवस व्यायाम चुकला तर तो अस्वस्थ होतो का, मित्रांकडे जाणं टाळतो का, शरीर लपवायला सैल कपडे घालतो का. आपण बारीकच आहोत असं सतत वाटत राहणं हा मानसिक आजार असू शकतो, २०१३ पासून मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, स्वतःच्या शरीरात खोट दिसत राहण्याच्या आजाराचा एक प्रकार म्हणून त्याची नोंद आहे. तसं वाटलं तर रागावू नका, त्याला घेऊन या.

ए-३०४ : ताई, एक गोष्ट मी जोडतो, आणि डी-३०१ तूही वाच. माझ्या तेव्हाच्या जिममध्ये कपडे बदलायच्या खोलीत एक जण "कोर्स" विकायचा. स्टेरॉइडची इंजेक्शन आणि गोळ्या. मी नाही म्हणालो, त्यात शहाणपण कमी आणि सुईची भीती जास्त होती. माझ्याबरोबर व्यायाम करणाऱ्या मित्राने घेतला. तीन महिन्यांत तो माझ्या दुप्पट वेगाने वाढला आणि मी स्वतःला नालायक समजत राहिलो. दोन वर्षांनी त्याच्या हृदयाची भिंत जाड झालेली निघाली. मूल होण्यासाठी त्याने आणि त्याच्या बायकोने किती वर्षं काढली ते मी जवळून बघितलंय.

बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, रक्त दाट होतं, गोळ्यांनी यकृताला मार बसतो. मुलींमध्ये आवाज जाड होतो आणि तो परत येत नाही. कुणी "सेफ डोस" म्हणालं तर तिथून उठून यायचं. खाली खोली झाली तर मुलं निदान आपल्या डोळ्यांसमोर शिकतील, म्हणून मला ती हवी आहे.

रॉनी कोलमन १९९८ ते २००५ सलग आठ वेळा मिस्टर ऑलिंपिया, म्हणजे बॉडीबिल्डिंगच्या सगळ्यांत मोठ्या स्पर्धेचा विजेता झाला. मी त्याचे व्हिडिओ बघत वाढलो. आज पाठीच्या आणि खुब्याच्या शस्त्रक्रियांनंतर तो आधाराशिवाय नीट चालू शकत नाही. त्याने ते स्वतःहून निवडलं, आणि माझा त्याच्याबद्दलचा आदर तसूभर कमी नाही. पण तो आरोग्याचा रस्ता होता असं मी माझ्या मुलीला कधी सांगणार नाही.

ए-१०१ : मी आजी बोलतेय, नातू टाईप करतोय. मला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. देवापुढे बसणं बंद केलंय. मी काय करायचं?

सी-५०२ : आजी, हा या ग्रुपवरचा आजचा सगळ्यांत चांगला प्रश्न. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं होतं. जितके आधार कमी घ्यावे लागले, तितका पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका कमी दिसला. यात घाबरण्यासारखं काही नाही, कारण हे सुधारतं. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या, तिच्यावर उशी ठेवा, हात छातीवर, उठा आणि सावकाश बसा. बसताना धप्पकन नको. पाच वेळा, दिवसातून दोनदा. सोपं झालं की उशी काढून खुर्ची थोडी खाली करू, मग हातात एक-एक किलो देऊ. हेसुद्धा वेट ट्रेनिंगच आहे.

सी-२०३ : मग मीही खुर्चीपासून सुरू करतो. हरकत मागे घेतो, पण एक अट. मला कुणी तरी शिकवलं पाहिजे. वजन हातात घेऊन गोंधळायचं वय नाही.

ए-३०४ : काका, सोमवार आणि गुरुवार संध्याकाळी मी तासभर खाली असेन. ताई, मुलालाही पाठवा, डब्याशिवाय.

सेक्रेटरी साहेब, माझी यादी अशी. चालायला आपल्याकडे कंपाउंड आहे, चढायला जिने आहेत. खोलीत ते ठेवूया जे बाहेर मिळत नाही. एक ते दहा किलोपर्यंतचे डंबेल, रबरी बँड, एक मजबूत बेंच, आणि रॅक घेतलाच तर आडव्या सुरक्षा दांड्यांसकट, नाहीतर नको. पावसाळ्यासाठी एक सायकल, ट्रेडमिलपेक्षा तिची दुरुस्ती कमी. जमिनीला जाड रबर. आणि दारावर मोठ्या अक्षरांत एक सूचना : पहिल्याच दिवशी जोर दाखवू नका. एकदम जास्त केल्यावर लघवी गडद तपकिरी झाली तर ती थकव्याची खूण नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

डी-३०१ : दादा, मी येऊ का शिकवायला मदत करायला? आणि सकाळी तुमच्याबरोबर चालायलाही.

ए-३०४ : ये. सहाला गेटपाशी.

बी-१०२, सेक्रेटरी : यादी घेतली, कमिटीपुढे ठेवतो. रॅक कुठल्या भिंतीला हे ठरवायचंय.

ए-१०१ : दारालगतच्या भिंतीला रॅक नको. तिथे मला धरायला कठडा लावून द्या.