डेकवर हॉट टब बसवावा का? (बायको 'हो' म्हणते, मी लाकडाकडे बघतोय)

थंडीकुडकुडे

आम्ही मिनियापोलिसच्या उपनगरात राहतो. घर १९९८ चं. मागे जमीन उतरती, त्यामुळे बेसमेंटचं दार थेट अंगणात उघडतं आणि स्वयंपाकघराला लागून असलेला लाकडी डेक जमिनीपासून नऊ फूट वर, सहा खांबांवर उभा आहे. गेल्या नाताळात बायकोच्या मैत्रिणीकडे गेलो होतो. बाहेर उणे अठरा सेल्सिअस, केसांवर बर्फ धरतोय आणि बाकी अंग गरम पाण्यात. परतताना गाडीतच तिने जाहीर केलं की आपल्या डेकवर हॉट टब हवा.

मुलगी कॉलेजला गेली, घराचं कर्ज संपत आलं, "आता तरी आपल्या दोघांसाठी काहीतरी घेऊ या" यावर माझ्याकडे उत्तर नाही. दुकानात सात बाय सात फुटांचा, सहा जणांचा टब बघून आलो. ४०० गॅलन पाणी, किंमत साडेनऊ हजार डॉलर, वायरिंग वेगळं. डेकचं विचारलं तर विक्रेता म्हणाला, "सगळे बसवतात." ते ऐकल्यापासून मी रोज डेकखाली जाऊन वर बघत उभा राहतो. लाकूड बघून मला काही कळत नाही, ही गोष्ट वेगळी.

सध्या माझं मत 'नको'कडे झुकलंय. हौस टिकत नाही हा घरचाच अनुभव. आमच्या ट्रेडमिलवर चार वर्षं टॉवेल वाळतायत. ज्यांच्याकडे टब आहे आणि ज्यांनी काढून टाकला, दोघांनीही लिहा.

घंगाळ

बिनधास्त घ्या. ट्रेडमिलची तुलनाच चुकीची. ट्रेडमिलवर कष्ट करावे लागतात, टबात फक्त बसायचं असतं.

आमच्याकडे न्यू जर्सीत सहा वर्षं आहे, तोही डेकवरच. पहिला महिना रोज, मग उन्हाळ्यात जवळजवळ नाहीच, आणि ऑक्टोबर ते एप्रिल आठवड्यातून चार वेळा. लहानपणी आजोळी बंबातलं कढत पाणी घंगाळात काढून, विसण घालून आंघोळ व्हायची. इथे वीस वर्षं शॉवरखाली उभं राहून ते सुख मिळालं नाही, टबात मिळालं. आणि तिथे फोन नेता येत नाही. अर्धा तास नवरा-बायको समोरासमोर, बोलण्यावाचून गत्यंतर नाही. हे फायद्यात धरायचं की तोट्यात ते ज्याचं त्याने बघावं.

मोजपट्टी

मी स्ट्रक्चरचं काम करतो, आधी पुण्यात, आता ओहायोत. हौसेबद्दल काही म्हणणं नाही, वजनाबद्दल आहे.

४०० गॅलन म्हणजे सुमारे १५०० लिटर, म्हणजेच दीड टन पाणी. रिकामा टब साडेतीनशे किलो धरा. सहा माणसं बसली की आणखी साडेचारशे. झाले २३०० किलो, आणि तेही ४९ चौरस फुटांवर. इथल्या मापात चौरस फुटाला शंभर पौंडांच्या वर. घराचा डेक साधारणपणे चौरस फुटाला ४० पौंड वापरभार (माणसं, सामान वगैरेंचं वजन) धरून बांधतात. म्हणजे अडीचपट. शिवाय पार्टीची माणसं रात्री आपापल्या घरी जातात, पाणी जात नाही. कायमच्या ओझ्याखाली लाकूड हळूहळू वाकत राहतं.

तुम्ही डेकखाली जाताच आहात तर वर बघू नका, भिंतीकडे बघा. घराच्या भिंतीला आडवी लावलेली जाड फळी दिसेल, तिला लेजर म्हणतात. डेकची घराकडची बाजू तिच्यावर टेकलेली असते. ती बोल्टने आवळलीय की नुसती खिळ्यांनी ठोकलीय? डेक कोसळतात तेव्हा बहुतेकदा ही फळीच भिंतीपासून सुटलेली असते. मग खांब जमिनीत कशावर उभे आहेत ते शोधा. तुमच्याकडे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते आणि फुगते, म्हणून फुटिंग (खांबाखालचा पाया) निदान ४२ इंच खाली लागतं. नव्या वजनासाठी नवे खांब टाकायचे तर तेवढं खणणं आलं, परमिट आलं.

घंगाळ, तुमचा डेक किती उंच आहे?

घंगाळ

दोन फूट. टबाखाली काँक्रीटचा वेगळा ओटा आहे, डेक त्याच्या भोवतीने बांधलाय.

मोजपट्टी

मग तुमचा टब डेकवर नाही, जमिनीवर आहे. डेक फक्त शेजारी.

कोथरूडचा_कट्टा

मला हा प्रकारच कळत नाही. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होतात आणि इथे दोन माणसांसाठी दीड हजार लिटर पाणी चोवीस तास तापवून ठेवायचं! अमेरिकेत पाणी मुबलक असेल, पण वीज तर कुठूनतरी येतेच ना? गरम पाण्यातच बसायचं तर भारतवारीत वज्रेश्वरी-गणेशपुरीला जा. कुंडं आहेत, पाणी आपोआप गरम आहे, कव्हर नको की क्लोरीन नको.

आणि आमच्याकडेही हे फॅड आलंय बरं का. शेजारच्या इमारतीत एकाने गच्चीवर जकुझी बसवायचं काढलं होतं, कमिटीने हाणून पाडलं.

मोजपट्टी

कमिटीने योग्य केलं. भारतीय मानकानुसार वापरत्या गच्चीला चौरस मीटरमागे साधारण दीडशे किलो वापरभार धरतात, राहत्या खोल्यांना दोनशे. भरलेला टब पाचशेच्या घरात जातो.

युनिटमीटर

कट्टेकर, पाण्याचा मुद्दा तेवढा टिकत नाही. टबातलं पाणी रोज बदलत नाहीत, तीन-साडेतीन महिन्यांनी बदलतात. १५०० लिटर भागिले १०० दिवस म्हणजे रोजचे १५ लिटर. वाफेने उडतं ते वेगळं, तरी तुमच्या एका बादलीएवढंच. पोहून आल्यावरचा शॉवर याहून जास्त पाणी खातो.

विजेचा मात्र टिकतो. १५०० लिटर पाणी ८ अंशांवरून ३९ वर न्यायला सुमारे ५४ युनिट लागतात. माझा हीटर साडेपाच किलोवॅटचा, म्हणजे दहा तास. आमच्या दराने आठेक डॉलर. हे वर्षातून तीन-चारदाच, त्याचं काही नाही. पैसा जातो तो तापलेलं पाणी तापलेलं ठेवण्यात, आणि त्यातला बराचसा कव्हरमधून. गेल्या जानेवारीत माझं बिल सत्तर डॉलरने वाढलं होतं. कव्हर उचलून बघितलं तर दगडासारखं जड. आतला फोम पाणी पिऊन बसला होता. नवं घेतलं, फेब्रुवारीचं बिल खाली आलं. टबाच्या किमतीवर घासाघीस करण्यापेक्षा कव्हर जाड मागून घ्या.

आणि हो, २४० व्होल्ट, ५० अँपियरची वेगळी लाइन, विजेची गळती झाली की क्षणात तुटणारा ब्रेकर, आणि टबापासून निदान पाच फूट लांब पण नजरेच्या टप्प्यात बंद करायचा स्विच. हे काम "माझा एक मित्र करतो" प्रकाराने करू नका.

काढून_टाकलेली

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आम्ही पाच वर्षांनी काढला.

आधी सगळं छान होतं. मग नवऱ्याची नोकरी फिरतीची झाली आणि पाणी सांभाळायचं काम माझ्यावर आलं. दर दोन-तीन दिवसांनी पट्टी बुडवून क्लोरीन बघा, पीएच बघा, फिल्टर धुवा. एका दिवाळीत घरी बारा पाहुणे. सगळे पहाटे तेल-उटणं लावून थेट टबात. ("अभ्यंगस्नान टबात!" अशी कल्पना माझ्याच दिरांची.) पाण्यावर वीतभर फेस, फिल्टर तुपासारखा चिकट, आणि दोन दिवसांनी चार जणांच्या अंगावर लाल पुरळ. डॉक्टरांनी बघताक्षणी विचारलं, "हॉट टब आहे का?" क्लोरीन उतरलं की कोमट पाण्यात सूडोमोनास नावाचे जंतू माजतात, हे त्या दिवशी कळलं.

त्यानंतर कुणी उतरेना. दोन हिवाळे नुसता झाकून ठेवला, खालच्या कप्प्यात उंदरांनी घर केलं, वायरी कुरतडल्या. शेवटी उचलून न्यायला माणसं बोलावली, त्यांनीही पैसे घेतले. घेताना सगळे विचारतात, बसवायचा कसा. जाईल कसा ते कुणी विचारत नाही.

घंगाळ

ताई, दोष टबाचा की तेलाचा? आमच्याकडे नियम आहे: आधी साबण लावून आंघोळ, मग टब.

काढून_टाकलेली

नियम सगळीकडे असतात हो. बारा पाहुण्यांना सकाळी पाच वाजता सांगून बघा.

नाडीपरीक्षा

घंगाळ यांचा अर्धा तास मला खटकला. पाणी ४० अंशांच्या वर कधीच नको, आणि त्या तापमानाला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेला माणूस गरम पाण्यातून झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि त्याच्यापुढे असतात बर्फाळलेल्या पायऱ्या. उन्हाळ्यात आई-वडील येणार असतील तर जास्त जपा. जुना मधुमेह असला, पायांना बधिरपणा असला तर पाणी किती गरम आहे ते पायाला कळतच नाही. गरोदर बाईने नको, पाच वर्षांखालच्या मुलांनी नको, आणि हातात ग्लास घेऊन तर मुळीच नको. कव्हरला कुलूप हवंच.

एवढं सांगूनही मी विरोधात नाही. जकुझी कुटुंब कॅलिफोर्नियात पंप बनवायचं. घरातल्या मुलाला संधिवात होता, आणि १९५६ साली बाजारात आलेला त्यांचा घरगुती पंप त्याच्या उपचारातूनच निघाला. संधिवात त्याने बरा होत नाही, पण सांधे मोकळे होतात. माझ्या स्वतःच्या पाठीला आराम पडतो.

थंडीकुडकुडे

सगळ्यांचे आभार. ताजी खबर.

मोजपट्टींनी सांगितलं तसं भिंतीकडे बघितलं. खिळे! एकही बोल्ट नाही. घाबरून इंजिनिअर बोलावला. तो दहा मिनिटं खाली वाकून बघत होता, मग म्हणाला, टब राहू दे, या डेकवर तुम्ही जुलैत चाळीस माणसांची पार्टी केलीत? नऊ फुटांवर टब पेलायचा तर खांब, बीम, फुटिंग सगळं नवं. अंदाज ऐकला, टबापेक्षा जास्त.

मला वाटलं, विषय संपला. जेवताना बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग डेकवर कशाला? डेकखाली ठेवू. तिथे काँक्रीट आहेच आणि बेसमेंटचं दार चार पावलांवर." आता बोला.

कोथरूडचा_कट्टा

वहिनी जिंकल्या. माझा विरोध कायम आहे.

मोजपट्टी

जमिनीवर असेल तर माझी वजनाची हरकत संपली. काँक्रीट किती जाड आहे आणि तडकलंय का तेवढं बघा. चार इंच, सपाट, खाली नीट ठोकलेली खडी असेल तर चालून जातं. पण वाफ सरळ वर डेकच्या लाकडात जाणार, आणि वितळलेला बर्फ फळ्यांच्या फटीतून तुमच्या टाळूवर टपकणार. मध्ये पन्हळीचं छत टाका, हवा खेळती ठेवा. आणि टब घ्या नाहीतर घेऊ नका, लेजरला बोल्ट या महिन्यातच मारून घ्या.

युनिटमीटर

पाणी थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधी बदला, म्हणजे मार्चपर्यंत हात लावायला नको. जानेवारीत उणे वीसमध्ये टब रिकामा करणाऱ्या माणसासारखा केविलवाणा दुसरा नाही. मी होतो एकदा.

थंडीकुडकुडेंची_बायको

हा धागा मला आजच सापडला. वाचला सगळा.

मापं घेतली आहेत. काँक्रीट ते डेकच्या तुळया आठ फूट एक इंच, टबाची उंची तीन फूट, कव्हर भिंतीच्या विरुद्ध बाजूला उघडणार. इलेक्ट्रिशियन गुरुवारी येतोय, बोल्टवाला त्याच्या आधी, मंगळवारी. दिवाळीत तेल लावून कुणालाही आत सोडणार नाही, दिरांना आत्ताच कळवलंय.

ट्रेडमिल विकायची आहे. फारशी वापरलेली नाही. टॉवेल काढून देऊ.