ब्रिटनमध्ये हप्त्याने 'पे मंथली' फोन घ्यावा की फोन वेगळा, सिम वेगळं?

अनघा_साताराकर
सप्टेंबरात लीड्सला एक वर्षाच्या एमएस्सीसाठी जाणार आहे. सध्याच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते, त्यामुळे नवा घ्यावाच लागेल. तिथल्या साइटवर जो फोन पाहिलाय तो सुरुवातीला ३० पौंड आणि मग महिना ३९ पौंड, असा २४ महिन्यांच्या करारावर आहे, सिमसकट. नुसता फोन ५९९ पौंड. एकरकमी द्यायचं जिवावर येतंय, पण दोन वर्षं अडकायचीही भीती वाटते. की इथूनच फोन घेऊन जावं? बँकेच्या ओटीपीसाठी भारतातलं सिम चालू ठेवायचं आहे. जाणकारांनी सांगावं.

क्रॉयडनचा_पाटील
आधी कागदावर आकडे मांडा. ३९ × २४ = ९३६, अधिक ३० = ९६६. त्यात दर एप्रिलची दरवाढ धरायची राहिली. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत ऑफकॉमने (ब्रिटनची दूरसंचार नियामक संस्था) महागाई दराला जोडलेली टक्केवारी बंद केली. वाढ करायची असेल तर ती किती आणि कधी, हे पौंड-पेन्समध्ये करार करतानाच सांगावं लागतं. हा आकडा जाहिरातीत किमतीखाली बारीक अक्षरांत असतो, तो शोधा. समजा वर्षाला २ पौंड आहे आणि तुम्ही ऑक्टोबरात सुरू केलंत: पहिले ६ महिने ३९, पुढचे १२ महिने ४१, शेवटचे ६ महिने ४३. म्हणजे ४८ पौंड वर, एकूण १०१४.

आता दुसरी बाजू. फोन ५९९ आणि महिना १० पौंडांचं सिम, तेवढेच २४ महिने: ८३९. फरक १७५ पौंडांचा. करारात महिना १०० जीबी डेटा मिळतो वगैरे सांगतील, पण विद्यापीठात आणि हॉस्टेलवर वायफाय असताना बहुतेकांना २० जीबी पुरून उरतो.

पैशांपेक्षा मोठी अडचण व्हिसाची आहे. वर्षभराच्या कोर्सला साधारण १६-१७ महिन्यांचा व्हिसा मिळतो, करार २४ महिन्यांचा. मधेच सोडायचा तर उरलेल्या महिन्यांचे पैसे बहुतेक सगळेच्या सगळे मागतात. न भरता विमानात बसलात तर ते थकीत कर्ज म्हणून क्रेडिट फाइलवर (तुमच्या उधारी-परतफेडीच्या नोंदींवर) ६ वर्षं राहतं. पुढे नोकरीसाठी परत आलात की घर भाड्याने घेताना ते समोर येतं.

आणि हे सगळं करार मिळाला तर. हा करार म्हणजे उधारीच आहे, त्यामुळे क्रेडिट चेक होतो. गेल्या ३ वर्षांचे पत्ते विचारतात. साताऱ्याचा पत्ता टाकायला फॉर्ममध्ये जागाच नसते, असली तरी तिथल्या फाइलवर तुमचं काहीच नसतं. एका कंपनीने नाकारलं म्हणून त्याच संध्याकाळी आणखी तिघांकडे अर्ज करू नका. प्रत्येक पक्क्या अर्जाची नोंद फाइलवर उमटते आणि पुढचा नाकारायला तीच निमित्त होते. आधी 'एलिजिबिलिटी चेकर' वापरा, त्याची नोंद दुसऱ्या कोणाला दिसत नाही.

मीटर_आणि_मोदक
पाटलांशी सहमत, एक भर. क्रेडिट फाइल रिकामी असण्यावर फुकटातला उपाय आहे आणि आपल्याकडच्या मुलांना तो कोणी सांगत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्याने भारतीय नागरिक व्हिसावर तिथे राहत असले तरी मतदार यादीत नाव नोंदवू शकतात. ऑनलाइन फॉर्म आहे, पाच-दहा मिनिटांचं काम. एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या क्रेडिट फाइल ठेवणाऱ्या तिन्ही संस्था पत्ता पडताळायला मतदार यादी बघतात. हॉस्टेलच्या खोलीचा नंबर बँकेत, मतदार यादीत आणि फोनच्या अर्जात अगदी सारखा लिहा. एकीकडे 'फ्लॅट ४, रूम बी' आणि दुसरीकडे '४बी' असेल तर माणूस जुळत नाही.

पहिले काही महिने महिन्या-महिन्याचं, करार नसलेलं सिम घ्या. गिफगॅफचं सिम ओटू कंपनीच्या टॉवरवर चालतं, स्मार्टी थ्रीच्या, व्हॉक्सी आणि लेबारा व्होडाफोनच्या. यांत क्रेडिट चेकची भानगड सहसा नसते, पण त्यामुळे फाइलही भरत नाही. फाइल भरायची असेल तर जम बसल्यावर १२ महिन्यांचं सिम-ओन्ली (फोनशिवाय नुसत्या सिमचा करार) घ्या आणि डायरेक्ट डेबिट (बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता) चुकू देऊ नका.

रेडिओवाला
इथून फोन नेण्याबद्दल. किंमत कमी पडत असेल तर न्या, पण दोन गोष्टी तपासून. पहिली, वॉरंटी बऱ्याच कंपन्यांची ज्या देशात घेतला तिथेच चालते.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगणार नाही. ब्रिटनमध्ये ३जी बंद झालं आहे, त्यामुळे कॉल ४जीवरूनच जायला हवा. भारतातल्या मॉडेलमध्ये ४जी असतं, डेटा पळतो, पण तिथल्या कंपनीसाठीची कॉलिंगची सेटिंग फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर कॉल २जीवर घसरतो किंवा लागतच नाही. ओळखायचं असं: तिथलं सिम घालून कॉल लावा आणि वरच्या पट्टीकडे बघा. ४जी किंवा व्होल्टीची (४जीवरून जाणाऱ्या कॉलची) खूण टिकली तर ठीक. तिच्या जागी 'ई' किंवा 'जी' (२जीच्या खुणा) आलं आणि कॉल चालू असताना नकाशा हलेनासा झाला, तर तो फोन त्या कंपनीवर अर्धाच आहे. वायफाय कॉलिंगचंही तेच. जाड भिंतींच्या जुन्या हॉस्टेलमध्ये रेंज नसते तेव्हा त्याची फार गरज पडते. आयफोनला हा त्रास सहसा नाही. अँड्रॉइड असेल तर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत घेऊन तिथल्या सिम कंपनीच्या यादीत बघा, नुसत्या नावावर जाऊ नका.

दोन सिमचं: भारतातलं सिम प्लास्टिकचंच राहू द्या आणि तिथलं ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच चालू होणारं सिम) घ्या. बरेच जण नेमकं उलट करतात. फोन फुटला तर प्लास्टिकचं काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं; भारतातलं ई-सिम परदेशातून नव्याने चालू करायला गेलात की ओटीपी त्याच बंद नंबरवर. निघण्यापूर्वी त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू करा, नाहीतर एसएमएसच येणार नाहीत, आणि त्या सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा.

अनघा_साताराकर
फार उपयोगी. म्हणजे आधी महिन्याचं सिम आणि फोन एकरकमी. पण कोर्स संपल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्याचा व्हिसा) थांबले तर? तेव्हा करार चालेल का?

क्रॉयडनचा_पाटील
चालेल, फक्त मुदत मोजा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या एमएस्सीवाल्यांना तो व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळणार आहे. ३६ महिन्यांच्या करारात महिना स्वस्त दिसतो म्हणून तिकडे पाहू नका.

घ्यायचाच तर असा करार घ्या ज्यात फोनचा हप्ता आणि सिमचं बिल दोन वेगळे करार आहेत. ओटूचा तसा असतो. फोनची उरलेली रक्कम कधीही एकदम भरून मोकळं होता येतं, आणि फोन फिटला की तो हप्ता आपोआप थांबतो. एकत्र करारात २४ महिने झाल्यावरही तेच ३९-४० पौंड कापले जात राहतात. मुदत संपत आल्याचा मेसेज पाठवणं २०२० पासून बंधनकारक आहे, पण तो वाचणारे कमी. वेगळ्या करारातही एक पाचर आहेच: २०२५ च्या ऑक्टोबरात ओटूने सिमची वार्षिक वाढ १.८० वरून २.५० पौंड केली, तेव्हा ग्राहकांना दंडाशिवाय सोडायची मुभा मिळाली, पण फोनचे उरलेले पैसे भरावेच लागणार होते.

मीटर_आणि_मोदक
आणखी थोडं, कुठल्याही मार्गाने घेतलात तरी.

करार शक्यतो ऑनलाइन करा. ऑनलाइन किंवा फोनवर केलेला १४ दिवसांत रद्द करता येतो. दुकानात बसून सही केलीत तर कायद्याने तो हक्क नाही. त्याआधी त्या कंपनीचं फुकट मिळणारं प्रीपेड सिम खोलीत आठवडाभर वापरून रेंज बघा.

पहिल्याच दिवशी ठरलेल्या हप्त्यावरच्या जादा बिलाची कमाल मर्यादा शून्य पौंडावर ठेवायला सांगा. ही सोय देणं ऑक्टोबर २०१८ पासून सक्तीचं आहे. +९१ वर चुकून साधा कॉल लागला तर मिनिटाला पौंडाहून जास्त लागू शकतो.

आणि सिम बदलताना नंबर तोच ठेवायचा असेल तर जुन्या सिमवरून इंग्रजीत पी-ए-सी ही तीन अक्षरं ६५०७५ वर पाठवा. उत्तरात येणारा कोड ३० दिवस चालतो. तो नव्या कंपनीला दिल्यावरच जुनं सिम बंद होतं, आधी स्वतः रद्द केलंत तर नंबर जाऊ शकतो. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना लॉक केलेले (फक्त त्यांच्याच सिमवर चालणारे) फोन विकायला बंदी आहे, त्यामुळे नव्या फोनला अनलॉकचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. जुना, वापरलेला घेत असाल तर मात्र तुमचं सिम घालून कॉल लागतोय का ते बघितल्याशिवाय पैसे काढू नका.