नॅचेझच्या हवेल्या: बघायला गेलात की हिशेब मागायला?

रानवारा
अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझला दोन दिवस जाऊन आलो. गाव जेमतेम साडेचौदा हजार वस्तीचं, पण हवेल्या अशा की मान वर करकरून दुखली. लाँगवुडने तर वेड लावलं. अष्टकोनी घर, डोक्यावर कांद्यासारखा घुमट. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल स्लोनचा आराखडा, १८६० मध्ये काम सुरू. पुढच्याच वर्षी उत्तर-दक्षिण यादवी युद्ध पेटलं आणि उत्तरेकडचे कारागीर घरी परतले. तळमजल्याच्या नऊ खोल्या तेवढ्या पुऱ्या झाल्या, वर आजही उघड्या विटा नि तुळया. मालक हॅलर नट १८६४ मध्ये गेला, कुटुंब त्या नऊ खोल्यांतच राहिलं.

आता वादाचं बोलतो. प्रत्येक दालनात गाइडची गाडी गुलामगिरीवर येते. ती वाईट होती हे कोण नाकारतंय? पण मी जिना बघायला आलोय, तर जिन्याबद्दल सांगा ना. इमारतीला इमारत म्हणून बघणं गुन्हा आहे का?

कापूसकोंड्या
गुन्हा नाही, अर्धवटपणा आहे. युद्धाआधी या चिमुकल्या गावात लक्षाधीशांची रांग लागली होती ती कशावर? कापसावर. आणि कापूस वेचला कोणी? तुम्ही लाँगवुडची गोष्ट सांगितलीत त्यातच बघा. उत्तरेचे कारागीर गेले, मग त्या नऊ खोल्या राहण्याजोग्या कोणी केल्या? नटच्या गुलामांनी. तुमच्या परिच्छेदात ते कुठेच नाहीत. गाइड तेच भरून काढतो, तर तुम्हाला कंटाळा येतो.

वळचण
मी रानवाऱ्याच्या बाजूने. ऑबर्न पाहिलंत का? १८१२ चं घर, आत कुठल्याही आधाराशिवाय वर चढत गेलेला वळणदार जिना. बांधणारा लेव्ही वीक्स. हा गडी १८०० मध्ये न्यूयॉर्कात खुनाच्या खटल्यात सापडला होता, वकील कोण तर अमेरिकेचे गाजलेले पुढारी हॅमिल्टन आणि बर! (दोघांनी एकत्र वकिली केली, चार वर्षांनी बरने हॅमिल्टनला गोळी घातली.) निर्दोष सुटला, पण बदनामी चिकटली, म्हणून इकडे आला. असल्या गोष्टी ऐकायला वेळच उरत नाही.

आणि या हवेल्या टिकल्या त्याचं श्रेय कोणाला? गावाने १८६२ मध्ये उत्तरेपुढे न लढता शरणागती पत्करली, म्हणून जळाल्या नाहीत. पुढे बोंडभुंग्याने कापूस खाल्ला, पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. मग १९३२ मध्ये, ऐन मंदीत, बागकाम मंडळाच्या बायकांनी घरं उघडून तिकीट लावलं. त्यावर गाव जगलं. त्यांनी लोकांना रडवायला नव्हती उघडली.

आत्याबाई
वळचण, अहो, त्या बायकांनी घेरदार झगे घालून जुन्या दिवसांचं जे नाटक मांडलं, त्यातूनच तर ही 'फक्त खांब बघा' सवय लागली! घरं वाचवली हे खरं, गोष्ट मात्र निम्मी विकली.

माझा भाचा तिकडे जवळच असतो, त्याच्याबरोबर मी विल्यम जॉन्सनचं घर पाहिलं. गुलाम म्हणून जन्मलेला, पुढे स्वतंत्र झालेला न्हावी. १८४० च्या वादळात गाव उद्ध्वस्त झालं, त्या पडक्या विटांतून बांधलेलं साधं घर. सोळा वर्षं रोजनिशी लिहिली त्याने. आणि त्याच्या स्वतःकडेही गुलाम होते, घ्या! १८५१ मध्ये हद्दीच्या भांडणात त्याचा खून झाला. साक्षीदार काळे. आरोपी म्हणाला मी गोरा, आणि गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नसे. सुटला. एवढं त्या चार भिंतींत आहे, आणि खांब एकही नाही लक्षात राहण्यासारखा.

रानवारा
जॉन्सनचं घर माझं राहिलं, कबूल. पण आत्याबाई, तिथे ती गोष्ट त्या घराचीच आहे. ऑबर्नच्या जिन्याखाली उभं राहून मला कापसाचे भाव ऐकायचे नसतील, तर त्यात माझं काय चुकलं? कापूसकोंड्याची गोष्ट नावाप्रमाणे संपतच नाही.

कापूसकोंड्या
:) लागलं. तरी एक विचारतो. फोर्क्स ऑफ द रोडला गेला होतात?

रानवारा
तिथे काय आहे? गाडीतून एक हिरवळ दिसली फक्त.

कापूसकोंड्या
तेच. दक्षिणेतल्या सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी एक. १८३३ मध्ये पटकीच्या भीतीने गावाने व्यापाऱ्यांना वेशीबाहेर काढलं, तेव्हा तो तिथे जमला. व्हर्जिनियापासून माणसं साखळदंडात चालवत आणत. तिथून फुटणाऱ्या एका रस्त्याचं नाव लिबर्टी रोड. आज सिमेंटात रुतवलेल्या बेड्या आणि फलक, बस. २०२१ मध्ये कुठे ती जागा राष्ट्रीय उद्यान खात्याकडे आली.

तुम्ही वास्तुकला म्हणता ना? त्या बाजारालाही लाकडी कोठड्या होत्या. १८६३ मध्ये उत्तरेच्या फौजेतल्या काळ्या शिपायांनी त्या मोडल्या आणि त्याच लाकडाच्या बराकी बांधून त्यांत राहिले.

वळचण
हे माहीत नव्हतं. जिन्याबद्दलचं माझं मत तेच आहे, पण पुढच्या खेपेला आधी तिथे थांबेन.